आक्काच्या वाटेसाठी टायर

वर्षातल्या एका दिवसासाठी कुणी गाडीचे चार टायर बदलतं का? मी बदलले. आणि ते निवडण्यात अख्खं वर्ष घातलं. कुणाला सांगितलं तर आधी हसतो, मग माझं तोंड बघून गप्प बसतो.

माझी पिकअप आहे. अर्धापूरच्या शिवारातून केळी भरायची आणि नांदेडला, नाहीतर लातूरला केळी पिकवणाऱ्यांच्या गोदामात नेऊन टाकायची, हा धंदा. केळीचा घड लई नाजूक. गाडी आदळली की सालीवर डाग पडतो, आणि डाग दिसला की व्यापारी नाक मुरडतो. म्हणून माझ्या गाडीला कायम डांबरावरचे टायर असायचे. सरळ रेघांची नक्षी, मऊ चाल, आवाज नाही. त्या टायरनी मला कधी दगा दिला नाही. फक्त एका जागी ते चालायचे नाहीत, आणि ती जागा नेमकी माझ्या बहिणीच्या वाटेवर होती.

बहीण माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी तिला आक्का म्हणायचो. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा. तिथून पुढं मला आक्कानंच कडेवर वागवलं, न्हाऊ घातलं, आणि शेजारच्या पोराला दगड मारला म्हणून बडवलंही. तिचं लग्न झालं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पाठवणीच्या वेळी तिचा पदर सोडत नव्हतो. शेवटी वडिलांनी सगळ्यांदेखत एक मुस्काटात ठेवून दिली तेव्हा सुटला. आक्का त्यावरून वडिलांशी दोन वर्षं नीट बोलली नाही. राग आमच्या घरातच आहे. पण तिचा राग दुसऱ्यासाठी असायचा. माझा नुसताच असतो.

तिला दिलं मुखेड तालुक्यातल्या एका वाडीवर. वाडी चढावर आहे, डांबरी सडकेपासून दोन किलोमीटर आत. वाट जवळजवळ सगळी मुरमाड. तिथं पावसाळ्यातही चाक घसरत नाही. पण मधे एक लवण लागतं, खोलगट. दोन्हीकडच्या रानांचं पाणी तिथं उतरतं आणि काळी चिकण माती सगळी तिथं येऊन बसते. पन्नास-साठ पावलांचा तुकडा असेल, जास्त नाही. उन्हाळ्यात तो लक्षातही येत नाही. पावसाळ्यात मात्र पाय घातला की पाय वर येतो आणि चप्पल आतच राहते.

आणि नागपंचमी येते ती पावसाळ्यातच. आमच्याकडे पंचमीला लेक माहेरी येते. नुसती येत नाही, तिला आणायला मुराळी जावा लागतो. मुराळी म्हणजे माहेरचा माणूस, बाप नाहीतर भाऊ. तो दारात आला की सासरच्या आळीतल्या बायका उंबऱ्यावर येऊन बघतात, कोण आलं, काय आणलं, कशात बसवून नेलं. वडील होते तोवर वडील जायचे. नंतर मी जाऊ लागलो. आधी एसटीनं, मग मोटारसायकलनं, मग गाडीनं. गाडी सडकेला लावायची, चालत वर जायचं आणि आक्काला घेऊन चालत खाली यायचं. ती पिशवी डोक्यावर घेऊन माझ्यापुढं चालायची आणि वळून म्हणायची, "चल की रे लवकर, म्हाताऱ्यावाणी काय चालून राहिलास!"

मग तिचे गुडघे धरले. आणि चेष्टेचेष्टेत तिनं एक हट्ट सुरू केला.

"आळीतल्या भवान्या म्हणतात, तुझा भाऊ गाडीवाला हाय म्हणं, आमी तर गाडी कधी बघितली न्हाई. एकदा दारात आण रे गाडी. हॉर्न वाजव जोरात. मी मुद्दाम उशीर लावीन भाईर यायला."

"मुद्दाम कशाला?"

"मग! समद्यांना कळू दे की, माझा भाऊ थांबतो माझ्यासाठी."

आता हे असं ऐकल्यावर भावानं काय करावं? मागच्या वर्षी मी ठरवलं, यंदा गाडी दारात न्यायचीच. पंचमीच्या आदल्या दिवशी, चौथीला निघालो. चौथीला बहिणी भावासाठी उपास धरतात. आक्का तो उपास कडक करायची, पाणीसुद्धा मोजकं. मी म्हणायचो, "तुझ्या उपासानं माझं वजन वाढून राहिलंय, बंद कर." ती म्हणायची, "तुझी अक्कल वाढावी म्हणून करते. ती काय वाढंना."

आठ दिवस पाऊस नव्हता. लवण वरून वाळलेलं दिसत होतं. वरून! काळ्या मातीचं वरचं कधी खरं धरू नये हे मी दुसऱ्याला शंभरदा सांगितलं असेल. गाडी रिकामी होती. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, आणि जोर असतो मागच्याच चाकांना. निम्म्यात गेलो नाही तोच मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी जोर दिला. जोर दिला की गाडी आणखी खाली बसते हेही मला माहीत होतं, तरी दिला. टायरच्या रेघांत माती भरली, टायर गुळगुळीत झाला, आणि गाडी एका अंगाला टेकून बसली.

वरून माणसं आली. पंचमीच्या तोंडावर माणसं मोकळीच असतात. कुणी मागून ढकललं, कुणी चाकाखाली कापसाच्या पऱ्हाट्या घातल्या. मी नवे पांढरे कपडे घालून गेलो होतो, त्यांची पार रया गेली. एकजण हसत म्हणाला, "मुराळ्यालाच आणायला मुराळी पाठवावा लागंल आता." सगळे हसले. खरं सांगतो, वाईट हसणं नव्हतं ते. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तेवढ्यात पलीकडून आक्का आली. हिरवं लुगडं, हातात पिशवी. लवणाच्या काठाशी तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि हाक मारली, "राहू दे रे गाडी तिथंच. मी येते चिखलातून चालत. आपण एसटीनं जाऊ."

आणि मी त्या सगळ्यांसमोर माझ्या आईच्या जागी असलेल्या बहिणीवर ओरडलो. म्हणालो, "या उकिरड्यात तुला दिली तिथंच आमचं चुकलं! नाक कापलं माझं! टायर बदलल्याशिवाय तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई, शप्पथ घेऊन सांगतो!" कुणीतरी बैलजोडी आणली. गाडी मागच्या मागं सडकेच्या अंगाला ओढून निघाली. मी आत बसलो, दार आपटलं आणि निघून आलो. आरशात बघितलं तर ती काठावर तशीच उभी. एका हातात चपला, दुसऱ्यात पिशवी.

मी परत फिरलो नाही. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो. मी परत फिरलो नाही. ती पंचमी तिनं सासरी काढली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासाठीच केलेलं असावं. घरी आल्यावर चूक कळत नव्हती असं नाही. पण चूक कबूल करायची म्हणजे शप्पथ मोडायची. त्यापेक्षा टायर घेणं सोपं वाटलं. घ्यायचे तर असे घ्यायचे, की ती अख्खी वाडी तोंडात बोटं घालेल. आणि मी लागलो मागं.

पहिले गेलो आमच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडं. चाळीस वर्षं टायरमध्ये घालवलेला माणूस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "महिने में कित्ते बार जाता तू उस कीचड में?"

"वर्षातून एकदा."

"साल में एक बार? उसके वास्ते चार टायर?" ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते, तशीच मान खाली. "अरे बेटा, टायर छोड. तेरी खुद की गाडी है. उस गड्ढे में चार खेप मुरूम डाल दे. बात खतम."

मी चिडलो. म्हणालो, "मुरूम टाकायला मी काय त्या गावचा सरपंच हाव का? ज्यांचा रस्ता हाय त्यांनी टाकावा."

चाचांनी वर बघितलं. म्हणाले, "तेरी बहन का रस्ता है ना?" आणि पुन्हा खाली बघून कामाला लागले.

मी तिथून तरातरा निघून आलो. चाचा मुद्द्याचं बोलले की मला राग येतो.

मग मी दुकानं पालथी घातली. नांदेडच्या मोंढ्याकडच्या दुकानात मालकानं तीन टायर समोर उभे केले. पहिला माझ्याच गाडीला होता तसला, रेघांचा. दुसरा निव्वळ चिखलाचा, मोठमोठे ठोकळे आणि मधे बोटभर फटी. चाक फिरलं की फटीतला चिखल बाहेर फेकला जातो, म्हणून तो टायर गुळगुळीत होत नाही. आणि तिसरा मधल्या जातीचा. ठोकळे आहेत पण बारके, फटी आहेत पण बेताच्या. त्यावर इंग्रजीत ऑल टेरेन लिहिलेलं. मालक म्हणाला, "हा दोन्हीकडं चालतो." मी म्हणालो, "दोन्हीकडं चालणारा माणूस मला आवडत नाही, टायर कसा आवडंल?" तो हसला. मला हसवायचं नव्हतं.

माझा डोळा चिखलाच्या टायरवर होता. पण लातूरला केळी टाकायला गेलो तेव्हा बाजारात एका पिकअपला तेच टायर दिसले. ड्रायव्हर औशाकडचा. मी त्याला चहा पाजला आणि सगळं विचारून घेतलं. तो म्हणाला, "चिखलात राजा हाय. पण डांबरावर दिवसभर हूं हूं करतोय, हॉर्न ऐकू येत न्हाई. डिझेल जास्त पितोय. आणि तुमचा माल केळीचा? मग विसरा. अहमदपूर येऊस्तोर समदी केळी काळी." म्हणजे चिखलाचा टायर घेतला तर बहिणीची वाट साधेल आणि पोटावर पाय येईल. मधल्या जातीचाच घ्यायचा, हे तिथं ठरलं.

तरी घेतला नाही. मग कुठल्या मापाचा, किती भार सोसणारा, कडेची भिंत जाड का पातळ, हे सुरू झालं. मोबाइलवर लोक टायर दाखवतात ते बघत बसायचो. ते सगळे डोंगरात, वाळूत, बर्फात गाडी घालतात. काळ्या चिकण मातीत घालून दाखवणारा एक माईचा लाल नाही! बर्फाचं मी काय करू? एका दुकानात टायर पसंत पडला तर तो दोन वर्षांपूर्वी बनलेला निघाला. टायरच्या अंगावर आठवडा आणि साल छापलेलं असतं. पडून राहिलेलं रबर कडक होतं, म्हणून सोडून दिला. फटीची खोली बघायला मी खिशात काडेपेटीची काडी ठेवायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, पोरीला स्थळ बघतानासुद्धा एवढं बघितलं न्हाई तुमी."

मधल्या काळात आक्काचे फोन यायचे. रागावली नव्हती ती. मी बोलायचो, पण तुटक. हो, नाही, बरंय, ठेवतो. शप्पथ घेतलेला माणूस ना मी! वैशाखात एकदा तिचा फोन आला, आवाजात धाप लागलेली.

"काय करून राहिलीस एवढ्या उन्हात?" मी विचारलं.

"काय न्हाई, जरा रानात होते. ऐक की, वाट लई चांगली झालीय बघ यंदा. गाडी येते दारात. ये तर बघायला."

मला वाटलं, लाडीगोडी लावतेय. मी म्हणालो, "तुझ्या वाटेचं मला सांगू नकोस. मी टायर बघून राहिलोय. टायर बदलल्याशिवाय येणार न्हाई म्हणलं ना एकदा."

"अरे पण ऐकून तर घे..."

मी फोन कापला. खरंच कापला. समोर कुणी गिऱ्हाईक नव्हतं, गाडी चालवत नव्हतो, काही काम नव्हतं. थोड्या वेळानं तिनं परत लावला आणि एवढंच म्हणाली, "बरं बाबा. तुझे टायर तर टायर. पण पंचमीला ये." मी म्हणालो, "बघू."

आषाढात टायर एकदाचे ठरले. नांदेडच्याच दुकानात, मधल्या जातीचे, नवे बनलेले, मनासारखी फट. मालक म्हणाला, लगेच बसवून देतो. पण आमच्याकडं आखाडात नवी वस्तू घेत नाहीत. मी म्हणालो, बाजूला काढून ठेवा, श्रावण लागला की बसवू. त्यानं चारही टायरवर खडूनं फुली मारली आणि कोपऱ्यात रचून ठेवले. घरी बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "टायरला कुठं आखाड असतोय? घाला आणि घेऊन या आक्कांना, तिकडं वाट बघत बसल्या असतील." मी म्हणालो, "एक वर्ष थांबलो, पंधरा दिवसांनी काय होतंय?"

श्रावण लागला. तरी मी लगेच बसवले नाहीत. म्हणजे बघा, माणसाचं डोकं फिरलं की कुठवर फिरतं. मला वाटलं, हे टायर पहिले फिरले पाहिजेत ते आक्काच्या वाटेवर. आधी केळीचा माल आणि मग आक्का, असं नको. चौथीला सकाळी टायर बसवायचे, नारळ फोडायचा आणि सरळ वाडी गाठायची. आणि फोन करायचा नाही. दारात जाऊन एकदम हॉर्नच वाजवायचा. तिच्यासाठी हिरवं काठाचं लुगडं घेतलं, बांगड्या घेतल्या, सीटवर ठेवल्या. खूश होतो मी. एका वर्षानं खूश होतो.

चौथीला सकाळी दुकान उघडलं तेव्हा मीच दारात. तीन चाकं झाली. चौथं यंत्रावर चढवलेलं होतं तेव्हा दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे आक्काचा नवरा, फार कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला कधी फोन केल्याचं आठवत नाही.

"पाव्हणं, कुठं हाव?"

"नांदेडला. का हो दाजी? आक्काला सांगू नका, मी..."

"आक्का गेली तुमची."

मला आधी वाटलं, कुठंतरी गेली. विचारलंही तसंच. "कुठं गेली?"

दाजींच्या मागून बायकांचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कळलं. सकाळी लाह्या भाजायला चुलीपुढं बसली होती. छातीत कळ आली म्हणाली, पाणी मागितलं, आणि मग नको म्हणाली. उपास होता तिचा. माझा उपास.

दुकानाच्या मालकानं मला खुर्चीवर बसवलं. चौथं चाक त्यांनी आवळलं. मला गाडी चालवू नका म्हणाले, मी ऐकलं नाही. नारळ डॅशबोर्डवर तसाच होता. बायकोला फोन केला, ती एवढंच म्हणाली, "लुगडं हाय ना घेतलेलं?" बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात, आणि सवाष्ण गेली तर हिरवं. ते सीटवर माझ्या शेजारीच होतं. दुसरं घ्यायची गरज पडली नाही. वरातीमागून घोडं म्हणतात, माझं घोडं नवे नाल ठोकून निघालं होतं.

रस्ताभर मी काय विचार केला ते आठवत नाही. एवढं आठवतं, की सडक सोडून आत वळलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता, आणि लवण पुढं दिसलं. पाणी साचलेलं होतं, काळं. मी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि सरळ आत घातली. गाडी एवढीशीही हलली नाही. चाक फिरलं नाही, शेपूट घसरली नाही. पाण्यातून गाडी अशी गेली, जणू खाली डांबर असावं. मला लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी, बहीण वर मरून पडलेली असताना, माझ्या मनात आलं: टायर चांगले निवडले आपण.

गाडी दारात गेली. आळीतल्या सगळ्या बायका तिथंच होत्या, ज्यांनी बघावी असं आक्काला वाटायचं त्या सगळ्या. त्यातली एक म्हातारी रडत म्हणाली, "आली गं बाई तुझ्या भावाची गाडी." मी हॉर्न वाजवला नाही. लुगडं घेऊन खाली उतरलो. पुढचं सांगत नाही. पुढचं सगळ्यांच्या घरी सारखंच असतं.

सावडायचा दिवस झाला आणि मी परत निघालो. दाजी गाडीजवळ आले. आणि अशा वेळी माणूस काहीतरी मूर्खासारखं बोलतो. मी म्हणालो, "टायर बरे लागले दाजी. लवणात गाडी हललीसुद्धा न्हाई."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. टायरकडं बघितलं.

"लवणात चिखल कुठं हाय आता?" ते म्हणाले. "तुमाला सांगितलं न्हाई व्हय तिनं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"उन्हाळाभर मुरूम टाकून राहिली होती तिथं. त्या टेकाडावरून टोपल्यानं. रोज सकाळी आन् उन्हं कलल्यावर. मी म्हणलं, गुडघे जातील, ट्रॅक्टर सांगतो एखादा. न्हाई म्हणाली. म्हणाली, माझ्या भावाची वाट हाय, मीच करीन. खाली दगड, वर मुरूम, लाकडी चोपण्यानं ठोकून ठोकून बसवलंय समदं. पहिला मोठा पाऊस झाला त्या दिवशी छत्री घेऊन बघायला गेली. आली आणि म्हणाली, टिकलं."

त्यांनी आत जाऊन पिशवी आणली. तीच पिशवी. "ही न्या. भरून ठेवली होती. दर साली आखाड सरला की भरायची."

मी पिशवी घेतली, शेजारच्या सीटवर ठेवली आणि निघालो. लवणाशी थांबलो, उतरलो. पाऊस उघडला होता, पाणी ओसरलं होतं. खाली लाल मुरूम होता, पन्नास-साठ पावलं, गाडीच्या रुंदीएवढा, दोन्ही कडांना दगड लावलेले. बांधावर तिचं टोपलं उपडं पडलं होतं, बूड फाटलेलं. मी वाकून टायर बघितले. एवढं वर्ष घालवून निवडलेली ती नक्षी, चिखल फेकणाऱ्या त्या फटी. त्यांत चिखल नव्हताच. फटीफटीत तिचा मुरूम अडकलेला होता.

जुन्या टायरवर आलो असतो मी. वैशाखात आलो असतो, आषाढात आलो असतो, कुठल्याही दिवशी रेघांच्या त्या गुळगुळीत टायरवर सरळ दारापर्यंत आलो असतो. चाचांनी चार खेपा म्हणून सांगितल्या होत्या. माझी गाडी, माझे हात, दोन दिवसांचं काम. ते तिनं टोपल्यानं केलं, दुखऱ्या गुडघ्यांनी.

"आक्के," मी मोठ्यांदा म्हणालो, "सांगायचं तरी होतंस गं एकदा." आणि बोलल्या बोलल्या आठवलं, सांगत होती की. मीच फोन कापला होता.

गाडीत बसलो. पिशवीत बघितलं: दोन लुगडी, फणी, कुंकवाची डबी. पिशवी मी सीटवर नीट टेकवून ठेवली, पडू नये म्हणून. मग तिथंच, तिनं बांधलेल्या वाटेवर गाडी उभी ठेवून हॉर्न वाजवला. जोरात वाजवला, हात दुखेपर्यंत. आणि इंजिन चालू ठेवून थांबलो. मुद्दाम उशीर लावीन म्हणाली होती.